किती दिवसांचा शेक?

किरणोपचारांचा इतिहास लोक क्ष-किरण शोधणाऱ्या राँटगेनपासून सुरू करतात. मी मात्र पॅरिसमधल्या एडक्यांपासून करतो. तिथल्या रेडियम संस्थेत क्लोडियस रेगो यांनी एडक्यांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडून पाहिले. बीजनिर्मिती कायमची थांबेल एवढी मात्रा एकदम दिली, की वरची कातडी होरपळे. मात्रा विभागून काही दिवसांत दिली, तर बीजनिर्मिती थांबे आणि कातडी तग धरी. भराभर वाढणाऱ्या बीजपेशींच्या जागी कर्करोगाची गाठ कल्पा, म्हणजे रेगोंचा रोख कळेल. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी 1922 मध्ये स्वरयंत्राच्या कर्करोगातून बरे झालेले रुग्ण डॉक्टरांच्या परिषदेपुढे मांडले. आजही रुग्णाला रोज थोडा थोडा शेक घ्यायला बोलावतात, त्याचं मूळ इथे आहे.

बाकीचा इतिहास धावत सांगतो. 1895 मध्ये क्ष-किरण, मग रेडियम, 1951 मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रं, पुढे लिनॅक, सीटी आणि संगणक. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र घडवलं. यंत्रांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला भुरळ पडते ती आकड्यांची.

रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आठवड्यातून पाच दिवस, ही जुनी रीत. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर अशा 25 बैठका, एकूण 50 ग्रे. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करतात, गाठीच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही, हे त्यामागचं गणित. पण स्तनाची गाठ या गणितात नीट बसेना. रोजची मात्रा वाढवली, तर ही गाठ चांगलीच खचते असं दिसू लागलं. म्हणजे एकूण मात्रा आणि दिवस दोन्ही कमी करता येतील! ब्रिटनमधल्या चाचण्यांत आधी 15 बैठकांत 40 ग्रे पुरेसे ठरले. मग 2020 मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीने पाच बैठकांत 26 ग्रेपर्यंत मजल मारली.

हे कागदावर सोपं आहे. बाहेरगावचे रुग्ण उतरतात त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सांगोल्याकडच्या एक मावशी भेटल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पंचवीस शेक, आपल्याला पंधराच. ‘आमी गरीब म्हणून कमी दिले व्हय?’ असा त्यांचा रोकडा सवाल. कमी दिवस म्हणजे कमी औषध, हा समज डॉक्टरने पाच मिनिटं खाली बसून काढायला हवा. ओपीडीच्या गर्दीत नेमकी तीच पाच मिनिटं मिळत नाहीत. आणि शेकाचे दिवस ठरवण्याआधी, माझ्या मते, ‘मुंबईत उतरलात कुठे?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला पाहिजे.

आजार हाडात पसरून दुखत असेल, तेव्हा तर या प्रश्नाला फार वजन येतं. 8 ग्रेची एकच बैठक आणि दहा बैठकांत 30 ग्रे, दोन्हींनी वेदना जवळपास सारखीच शमते. एका बैठकीनंतर पुन्हा शेक घ्यावा लागण्याची शक्यता मात्र जास्त. तरी रात्रभर एसटीने आलेल्या, कुशीवर वळतानाही कण्हणाऱ्या माणसाला दोन आठवडे अडकवून ठेवायचं की त्याच दिवशी मोकळं करायचं? मी मोकळं करण्याच्या बाजूचा.

पण तोंडाचा आणि घशाचा कर्करोग, आपल्या तंबाखूची कमाई, इथे घाई चालत नाही आणि खाडेही चालत नाहीत. साधारण 33 ते 35 बैठका, साडेसहा-सात आठवडे. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या गाठीच्या पेशी दुप्पट जोमाने वाढू लागतात, त्यामुळे उपचार एक दिवस लांबला तरी आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहून थोडी अधिक घटते. म्हणून ऐन दिवाळीत ‘चार दिवस घरी जाऊन येऊ का?’ असं विचारणाऱ्याला डॉक्टर नाही म्हणतात. विभागच बंद राहणार असेल, तर शनिवारी बोलावून किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा शेक देऊन खाडा भरून काढतात.

उपचार अर्ध्यावर येईतो तोंड सोललेलं असतं, वरणसुद्धा झोंबतं. वजन उतरलं, की चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा मुखवटा सैल पडतो, डोकं हलू लागतं आणि आखलेला किरणांचा नेम चुकू शकतो. मग नवा मुखवटा, नवा सीटी, नवी आखणी. म्हणून दर आठवड्याच्या तपासणीत आधी वजनकाटा आणि मग बाकी सगळं. वजन घसरत राहिलं, तर नाकातून नळी घालायची की नाही, याचा निर्णय त्याच दिवशी होतो.