सकाळी सामना, रात्री आठला मेनिन गेट

ब्रिटिश शाळांच्या रग्बी संघांची एक मळलेली वाट आहे. सुट्टी लागली की पंधरा-सोळा वर्षांची पोरं, दोन-तीन शिक्षक आणि बसच्या पोटात चेंडूंची जाळी. डोव्हरहून बोटीनं कॅले, तिथून तासा-सव्वातासात बेल्जियममधलं ईप्र. स्थानिक क्लबांशी एक-दोन सामने, उरलेला वेळ पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर. ही जोडी म्हणजे सहल कंपन्यांची चलाखी वाटेल, पण तिचं मूळ खेळातच आहे.

मार्च 1914 मध्ये एडिंबराला स्कॉटलंड आणि इंग्लंड कलकत्ता कपसाठी खेळले. हा करंडक म्हणजे आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा ऐवज. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा बँकेतली शिल्लक काढून, नाणी वितळवून तो घडवला; कानांच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या तीसपैकी अकरा जण युद्धात मारले गेले. इंग्लंडचा कर्णधार रोनाल्ड पोल्टन-पामर त्यांतलाच. हंटली अँड पामर्स या बिस्किटवाल्या घराण्याचा हा वारस. एप्रिलमध्ये फ्रान्सविरुद्ध त्यानं एकट्यानं चार ट्राय केले आणि 5 मे 1915 ला प्लोगस्टेर्टच्या रानात नेमबाजाच्या गोळीनं मारला गेला. 1905 च्या गाजलेल्या न्यूझीलंड संघाचा कर्णधार डेव्ह गॅलहर ईप्रजवळच पोपरिंगेच्या नाइन एल्म्स दफनभूमीत आहे. रग्बीवाले तिथे वाट वाकडी करून जातात.

पोरांना मात्र कर्णधारांपेक्षा ईप्रजवळच्या एसेक्स फार्म दफनभूमीतली एक कबर जास्त भिडते. व्हॅलेंटाइन स्ट्रडविक, रायफल ब्रिगेड, मृत्यू 14 जानेवारी 1916. दगडावर वय कोरलंय, 15. भरतीच्या वेळी त्यानं वय वाढवून सांगितलं होतं. पायथ्याशी छोटे लाकडी क्रॉस, कागदी पॉपीची फुलं आणि शाळाशाळांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या. माहिती सांगणाऱ्यानं इथे फार बोलूच नये. दगडावरचा आकडा आणि समोर उभ्या पोरांचं वय एकच असतं.

ईप्रजवळच्याच टाइन कॉट दफनभूमीत जवळजवळ 12,000 कबरी आहेत, त्यांतल्या 8,000 हून अधिक बेनाव. इथली जमीन सखल आणि चिकणमातीची. तोफांनी पाणी वाहून नेणारे चर उद्ध्वस्त केले, त्यात 1917 चा पाऊस झोडपत राहिला आणि पॅशेंडेलला जखमी माणसं चिखलात बुडून मेली. त्याच मुलखात स्क्रममध्ये रेटा देताना बुटांचे खिळे मातीनं भरून पाय सरकले, की इतिहासाच्या तासाला न समजलेलं बरंच कळतं. म्हणून दौरा आखणाऱ्यानं सामना आधी ठेवावा, टाइन कॉट नंतर.

संध्याकाळी सगळे मेनिन गेटखाली जमतात. ज्यांना कबरही मिळाली नाही अशा 54,000 हून अधिक सैनिकांची नावं या कमानीवर आहेत. 1928 पासून रोज रात्री आठला वाहतूक थांबते आणि बिगुल वाजतो. खंड पडला तो फक्त जर्मन ताब्याच्या चार वर्षांत. आधी कळवलं असेल तर शाळेला पुष्पचक्र वाहता येतं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे बसमध्येच बजावलेलं असतं.

या कमानीवर भारतीय नावंही आहेत आणि शेजारी तटबंदीवर भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. पण आपलं ठिकाण खरं तर सीमेपलीकडे, फ्रान्समधलं नव्ह शापेल. 28 ऑक्टोबर 1914 ला तिथे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर गावात घुसल्या. सुरुंग लावणं, पूल बांधणं हे ज्यांचं काम, ते गल्लीबोळांत संगिनींनी लढले आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. 1927 साली उभारलेल्या तिथल्या गोल स्मारकाच्या भिंतीवर 4,700 च्या आसपास भारतीय नावं आहेत.

ब्रुसेल्स आणि पॅरिसच्या सहलीत आपली मंडळी याच पट्ट्यातून बसनं सरळ पुढे जातात. पुढच्या खेपेला एक मुक्काम ईप्रला करा आणि दुसऱ्या दिवशी नव्ह शापेल गाठा. दोन्ही ठिकाणी तिकीट नाही.