तरणतलावाची इवलीशी झडप

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरच्या आग्नेयेस, माळरान व भातखाचरांच्या प्रदेशात, नव्या राजधानीची उभारणी सुरू झाली. २०१२ च्या अखेरीस मंत्रालयाचा कारभार तेथील 'महानदी भवना'त हलला. २०१८ साली या शहराला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्यात आले. 'नवा रायपूर' या नावातील 'नवा' हा शब्द छत्तीसगडी बोलीतला; पण मराठी माणसाला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशाशी मराठीचा संबंध आहे. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत आणि नोकरी-व्यवसायानिमित्त विदर्भातून नव्याने येणाऱ्यांचीही त्यांत भर पडत असते.

नव्या शहराबरोबर नव्या पद्धतीच्या वसाहतीही आल्या. गृहकर्ज घेऊन सदनिका घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला आता चार भिंतींखेरीज बगिचा, क्लबहाऊस आणि तरणतलाव यांतील हिस्साही येतो. माहितीपत्रकात हा तरणतलाव निळाशार दिसतो. प्रत्यक्षात तो तसा राहणे ज्या वस्तूंवर अवलंबून असते, त्यांतील एक तर तळहाताएवढी, प्लॅस्टिकची आणि बहुतेक रहिवाशांनी कधीही न पाहिलेली असते. ती म्हणजे स्किमरची झडप. दुकानदार तिला 'वीअर' किंवा 'फ्लॅप' म्हणतात.

हालता सांडवा

छत्तीसगड हा मुळात तलावांचा मुलूख. रायपूरचा बूढा तलाव किंवा तेलीबांधा तलाव पाहिला, तरी याची कल्पना येते. पलीकडे भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलाव हीही त्याच परंपरेतली मंडळी. अशा तलावाला बांध असतो आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा असतो. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, की पृष्ठभागावर साचलेला पालापाचोळा व तवंग त्या पाण्याबरोबर आपोआप निघून जातो. घाण तरंगते ती वर, आणि सांडव्यावरून प्रथम जाते तेही वरचेच पाणी.

वसाहतीतील तरणतलावाला मात्र पावसाळ्याची वाट पाहता येत नाही. पोहणाऱ्यांच्या अंगावरील तेल, घाम, मलमे, केस, वाऱ्याने आलेली धूळ आणि पाने यांचा थर रोज पृष्ठभागावर जमतो. तो वेळीच काढला नाही, तर पाने भिजून तळाशी जातात व तेलकट द्रव्ये पाण्यात मिसळून क्लोरीन खर्ची घालतात. पाण्याला येणारा उग्र वास आणि डोळ्यांची आग ही क्लोरीन जास्त झाल्याची खूण आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक घाम व तत्सम द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात, त्यांचा तो प्रताप असतो.

म्हणूनच तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीवर, एक चौकोनी तोंडाची पेटी बसवलेली असते. हाच स्किमर. पेटीत कचरा अडवणारी टोपली असते आणि तळाशी पंपाकडे जाणारा नळ. पेटीच्या तोंडाशी, खालच्या कडेला बिजागरीसारख्या खिळींवर झडप उभी असते. तिच्या वरच्या भागात फोमची पट्टी किंवा हवेची पोकळी असते, त्यामुळे ती तरंगू पाहते. पंप सुरू झाला, की पेटीतील पाण्याची पातळी किंचित खाली जाते, झडप आतल्या बाजूस कलते आणि तिच्या कडेवरून केवळ वरचा पातळ थर वेगाने आत ओढला जातो. पंप बंद झाला, की दोन्हीकडील पातळी समान होते व झडप उभी राहून तोंड बंद करते. आत आलेले पान मग पुन्हा तलावात जाऊ शकत नाही. वीज नाही, तार नाही, माणूस नाही. पातळीतील फरक हीच तिची सारी प्रेरणा.

पाण्याकडूनच पाण्याचे नियमन करून घेण्याची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासला धरणासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले व १९०३ साली ते बसवले गेले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडवून धरायचे आणि पूर आल्यावर आपोआप उघडायचे, असे त्यांचे काम होते. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. छत्तीसगडातही धमतरी जिल्ह्यातील माडमसिल्ली धरण (१९१४ ते १९२३) त्याच्या स्वयंचलित वक्रनलिका सांडव्यांसाठी अभियंत्यांत प्रसिद्ध आहे. स्किमरची झडप त्यांच्या मानाने खेळणेच. पण तत्त्व त्याच घराण्यातले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्पर्धांसाठी बांधलेल्या मोठ्या तलावांत स्किमर सहसा नसतो. तेथे पाणी काठोकाठ भरलेले असते आणि चारही बाजूंच्या पन्हळीत ते सतत सांडत राहते. स्किमर हा घरगुती व वसाहतींच्या लहान तलावांचा सोबती. साधारणपणे ४० ते ५० चौरस मीटर पृष्ठभागास एक, असा ठोकताळा आहे.

झडप गेली म्हणजे काय होते

क्लोरीन आणि ऊन यांच्या एकत्रित माऱ्याने प्लॅस्टिक ठिसूळ होते, खिळी झिजतात, फोम पाणी पिऊन जड होतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे रायपूरचे तापमान आणि वळवाच्या आधी उठणारी धूळ या वस्तूची कसोटीच पाहतात. झडप मोडून पडली, तर तोंडाच्या पूर्ण उंचीतून पाणी आत जाऊ लागते, वरच्या थराची ओढ नाहीशी होते आणि पंप थांबताच टोपलीतील कचरा परत बाहेर येतो. रखवालदार मग जाळी घेऊन काठाकाठाने फिरतो, क्लोरीन वाढवले जाते, पंप अधिक तास चालवला जातो.

या शेवटच्या उपायाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात १ लाख ८ हजार लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा गाळून निघावे असे ठरवले, तर पंपाने ताशी १८ हजार लिटर पाणी खेचले पाहिजे. अशा पंपास ताशी सुमारे दीड युनिट वीज लागते असे धरले आणि पाणी गढूळ दिसते म्हणून तो रोज चार तास जादा चालवला, तर महिन्याला १८० युनिटे वाढतात. झडपेची किंमत काही शे रुपयांपासून सुरू होते. ज्या समितीच्या बैठकीत वीजबिलावर तासभर चर्चा होते, तिथे या झडपेचे नावही निघत नाही, हे नवलच म्हणावयाचे.

झडप उभ्या स्थितीतच अडकली, तर प्रकार अधिक गंभीर. स्किमरला पाणी मिळत नाही, पंप हवा ओढू लागतो आणि त्याचे सील जळते. शिवाय तळाच्या जाळीतूनही पाणी ओढले जात असेल, तर स्किमरच्या वाट्याची ओढ आता तळाकडे वळते. ही जाळी एकच असेल आणि तिचे झाकण तुटलेले किंवा सैल असेल, तर केस, पोहण्याचा पोशाख किंवा लहान मुलाचे अंग तेथे धरले जाण्याचा धोका असतो. २००२ साली अमेरिकेत, माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रॅमी हिचा गरम पाण्याच्या हौदात तळाच्या जाळीशी अडकून मृत्यू झाला. तिच्या आईने केलेल्या प्रयत्नांतून २००७ साली तेथे तिच्याच नावाचा कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांत सुरक्षित आकाराची झाकणे बंधनकारक ठरली. झडप तपासताना तळाची जाळीही पाहावी, असा आग्रह धरण्याचे कारण हेच आहे.

बदलण्याची रीत

नवी झडप आणण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहावी. ती स्किमरच्या तोंडाच्या निम्म्या उंचीपाशी असावी. तोंड १५ सेंटिमीटर उंचीचे असेल, तर निम्मे म्हणजे साडेसात सेंटिमीटर. आणि रायपूरच्या कडक उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच दिवसाकाठी सेंटिमीटरभर पाणी उडून जाऊ शकते. आठवडाभर पाणी भरले नाही, तर पातळी तोंडाच्या खालच्या कडेला टेकते आणि निर्दोष झडपही निरुपयोगी ठरते. अनेकदा दोष झडपेचा नसून नळ सोडण्याच्या आळसाचा असतो.

दोष झडपेचाच असेल, तर प्रथम पंप बंद करावा, नुसत्या बटनाने नव्हे, तर पेटीतील एमसीबी खाली पाडून, आणि तेथे 'काम चालू' अशी चिठ्ठी लावावी. या वेळी तलावात कोणीही नसावे. त्यानंतर पाणी तोंडाखाली उतरवल्यास काम सोपे जाते. जुनी झडप काढण्यापूर्वी तिची कोणती बाजू तलावाकडे आहे, हे खुणेने किंवा छायाचित्राने नोंदवून ठेवावे. उलटी बसवलेली झडप दिसते ठीक, पण चालत नाही. तिच्या दोन्ही टोकांच्या खिळी भिंतीतील लहान भोकांत बसलेल्या असतात. एका टोकाची खीळ आत दाबून किंवा झडप हलकेच वाकवून ती सोडवता येते. पेचकसाने उचकटू नये. भोकाची कड फुटली, तर काही शे रुपयांचे काम भिंत फोडण्यापर्यंत जाते.

माप घेताना जुन्या झडपेचे न घेता पेटीच्या तोंडाचे, खिळींच्या दोन भोकांमधील, घ्यावे. जुनी झडप उन्हाने आक्रसलेली किंवा वाकलेली असते. पेटीवर अथवा टोपलीवर उत्पादकाचे नाव व क्रमांक कोरलेला असल्यास तो लिहून घ्यावा. 'साधारण एवढी' असे हाताने दाखवून आणलेली झडप एक तर घासते, नाही तर बाजूने पाणी सोडते. भोकांतील क्षार व वाळू जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने स्वच्छ करून नवी झडप बसवावी आणि बोटाने मागेपुढे हलवून पाहावी. ती कोठेही न अडखळता सोडल्याबरोबर परत आली पाहिजे. मग पाणी पातळीवर आणून पंप सुरू करावा व एक कोरडे पान पाण्यावर सोडावे. ते काठाकाठाने सरकत येऊन कडेवरून आत पडले आणि पंप बंद केल्यावर बाहेर आले नाही, की काम झाले.

खिळीचे भोकच फुटलेले असेल, तरी लगेच कडिया बोलावण्याचे कारण नाही. दोन्ही भिंतींमध्ये स्प्रिंगच्या ताणाने स्वतःला धरून ठेवणाऱ्या दांडीच्या झडपा मिळतात. खिळीऐवजी लोखंडी खिळा घालणे किंवा झडप तारेने बांधून ठेवणे हे उपाय मात्र सर्रास दिसतात आणि ते त्याज्य आहेत. लोखंड गंजून फरशीवर डाग पडतात, आणि तारेचे टोक एखाद्या मुलाच्या हाताला लागते. केवळ फोम सुटला असेल, तर पाणी न शोषणाऱ्या फोमची तेवढीच पट्टी चिकटवून हंगाम निभावता येतो.

खर्च कोणाच्या नावे

झडप ही झिजणारी वस्तू आहे. त्यामुळे तिचा खर्च नेहमीच्या देखभाल निधीतून व्हावा, हे उचित. वार्षिक देखभालीचा करार करताना मजुरी व सुटे भाग यांची स्वतंत्र नोंद आहे की नाही, हे समितीने पाहावे. 'देखभाल' या एका शब्दात झडप येते की नाही, यावर ऐन एप्रिलमध्ये वाद घालण्यापेक्षा ते बरे. स्किमरची पेटीच वाकडी किंवा चुकीच्या पातळीवर बसवलेली असेल, तर गोष्ट वेगळी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांच्या गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो तीस दिवसांच्या आत विनामूल्य दूर करावयाचा असतो. त्यासाठी तक्रार लेखी आणि तारखेसह असावी, छायाचित्रे जोडलेली असावीत.

या कामासाठी फेब्रुवारी महिना सोयीचा. थंडी ओसरलेली असते, मुलांच्या परीक्षा व्हायच्या असतात आणि तलावावर गर्दी नसते. सुटा भाग नागपूर-मुंबईहून मागवावा लागला, तरी एप्रिलपूर्वी तो हाती येतो. मागवायचाच झाला, तर दोन मागवावेत. एक बसवावा आणि दुसरा पंपघरातील कपाटात, मापाची व क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावा.