सागाच्या दुमडलेल्या पानात कोण राहतं?

पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची कोवळी पानं जरा निरखून बघा. एखाद्या पानाची कड कापून आत दुमडून ठेवल्यासारखी दिसेल. हे वाऱ्याचं काम नाही, ते एका अळीचं घर आहे.

ही अळी पानाची कड कुरतडते, तो तुकडा वळवते आणि तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमी धाग्याने चिकटवते. मग आत लपून पान खाते. मोठी झाली की खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते. त्यातून पतंग बाहेर येतो. त्याचे पुढचे पंख मातकट, मागचे काळे आणि त्यावर पिवळे-नारिंगी ठिपके असतात. त्याचं शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा.

अळी कशी शोधायची?

1. आधी झाडाचं नाव वहीत लिहा. पुष्कळ अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, त्यामुळे निम्मी ओळख इथेच पटते.
2. पान न तोडता खालून उजेडाकडे बघा. अळी असेल तर तिची सावली दिसते.
3. घडीच्या टोकाशी डोकवा. रेशमी धागे, कुरतडलेला भाग आणि बारीक काळी विष्ठा दिसली, तर आत अळी राहते किंवा राहून गेली आहे. नुसतं जाळं असेल, तर कोळी असू शकतो.
4. पान कसं खाल्लंय ते बघा. ही अळी कोवळं पान खाऊन फक्त जाड शिरा ठेवते. पावसाळा सरताना पानाची नुसती जाळी उरलेली दिसली, तर ती बहुधा युटेक्टोना मॅकेरॅलिस नावाची दुसरी अळी.

सावध राहा! अनेक हिरवी पानं जोडून गोळा केलेला असेल, तर ते तांबड्या मुंग्यांचं घरटं असू शकतं. त्याला हात लावू नका, त्या कडाडून चावतात. केसाळ अळीलाही हात नको.

आता महत्त्वाचं. घडी उघडली की अळीचा आडोसा जातो आणि पक्षी, मुंग्या तिला सहज गाठतात. म्हणून सगळ्या वर्गाने मिळून एकच घडी उघडायची, बाकीच्या बाहेरूनच ओळखायच्या. झाड मरेल अशी भीती नको. सागाला पुन्हा पालवी फुटते, फक्त त्याची वाढ मंदावते.

करून बघा : एकच दुमडलेलं पान ठरवून रोज त्याचं चित्र काढा. आठ दिवसांत काय काय बदललं ते वर्गात सांगा.