आयकरातील वजावट : ठोक की बाबवार?

आर्थिक वर्ष संपत आले की शाळांच्या शिक्षककक्षांत आणि शासकीय कार्यालयांत विम्याच्या पावत्या, बचतपत्रे, घरभाड्याच्या पावत्या यांची जमवाजमव सुरू होते. अनेक वर्षांची ही सवय आता पुष्कळांच्या बाबतीत निरुपयोगी ठरली आहे. मात्र काहींच्या बाबतीत ती आजही लाभाची आहे. आपण कोणत्या गटात मोडतो हे ठरविण्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास हिशेब केला तरी पुरे. तो हिशेब कसा करावा, याची माहिती येथे दिली आहे. येथील सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासंबंधीचे आहेत. आयकर अधिनियम २०२५ चा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आला असला, तरी या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चा अधिनियमच लागू आहे.

वजावटीचे दोन प्रकार

नोकरी करणाऱ्यालाही काही खर्च येतो, हे मान्य करून पगारातून पावतीविना ठरावीक रक्कम वगळणे म्हणजे प्रमाणित वजावट. १९७४ च्या वित्त अधिनियमाने ती पगारदारांना दिली. २००५ मध्ये ती काढून घेण्यात आली आणि २०१८ च्या अर्थसंकल्पाने ४०,००० रुपयांच्या मर्यादेत पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये ही मर्यादा ५०,००० रुपये झाली.

दुसरा प्रकार बाबवार वजावटींचा. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, मुलांचे शिक्षण शुल्क, गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड इत्यादींसाठी कलम ८०-सी खाली एकूण १,५०,००० रुपये. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत स्वतः भरलेले आणखी ५०,००० रुपये. आरोग्यविम्याचा हप्ता २५,००० रुपयांपर्यंत, आणि विमा ज्येष्ठ नागरिकाचा असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत. राहत्या घराच्या कर्जावरील व्याज २,००,००० रुपयांपर्यंत. याशिवाय घरभाडे भत्त्याचा काही भागही करमुक्त ठरतो. या प्रत्येक बाबीस पुरावा लागतो.

करदात्याला आज जी निवड करावयाची आहे, ती या दोहोंतून निघाली आहे. आर्थिक वर्ष २०२०-२१ पासून नवी करप्रणाली आली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली मानली जाऊ लागली. नव्या प्रणालीत कराचे दर कमी आहेत व प्रमाणित वजावट ७५,००० रुपये आहे, परंतु वर सांगितलेल्या बाबवार सवलती मिळत नाहीत. जुन्या प्रणालीत त्या मिळतात, प्रमाणित वजावट मात्र ५०,००० रुपयेच असून दर चढे आहेत. दोन्हीकडील चांगले तेवढे उचलण्याची मुभा नाही.

दर कसे आहेत?

नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के, आणि २४ लाखांवरील रकमेवर ३० टक्के कर आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट मिळून देय कर शून्य होतो. १२ लाखांची मर्यादा थोडी ओलांडली, तर वाढीव उत्पन्नापेक्षा कर अधिक होऊ नये अशी तरतूद आहे. लॉटरी, भांडवली नफा अशा विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला मात्र ही सूट लागू नाही.

जुन्या प्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीस २,५०,००० रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के व त्यावर ३० टक्के दर आहे. करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तरच कर शून्य होतो. दोन्ही प्रणालींत करावर ४ टक्के उपकर आहे.

दोन उदाहरणे

एका माध्यमिक शिक्षकाचा वार्षिक पगार ९,००,००० रुपये आहे. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, कलम ८०-सी खालील पूर्ण दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २५,००० रुपये वजा जाता ६,७५,००० रुपये करपात्र राहतात व उपकरासह ४९,४०० रुपये कर भरावा लागतो. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ८,२५,००० रुपये, म्हणजे दिसण्यात अधिक, परंतु करसूटीमुळे देय कर शून्य. ज्यांचे उत्पन्न केवळ पगाराचे किंवा निवृत्तिवेतनाचे असून १२,७५,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना कर वाचविण्यासाठी एकही पावती गोळा करण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण १६,००,००० रुपये पगार असलेल्या अविवाहित अधिकाऱ्याचे. नव्या प्रणालीत उपकरासह कर १,१३,१०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, ८०-सी, निवृत्तिवेतन योजना, आरोग्यविमा व गृहकर्जाचे व्याज मिळून ४,७५,००० रुपये वजा केले, तरी कर १,५६,००० रुपये होतो. हाच अधिकारी नोकरीनिमित्त पणजीस भाड्याने राहत असेल, त्याचे कर्जाचे घर काणकोणला असेल आणि घरभाडे भत्त्यापैकी आणखी १,५०,००० रुपये करमुक्त ठरत असतील, तर कर १,११,८०० रुपयांवर येतो. एवढ्या सवलती जमल्यावर जुनी प्रणाली जेमतेम १,३०० रुपयांनी स्वस्त पडते. या पगाराला दोन्ही पारडी समान होण्यासाठी प्रमाणित वजावटीखेरीज ५,६८,७५० रुपयांच्या वजावटी लागतात.

गोव्यातील पतिपत्नींसाठी

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार समाईक मालमत्तेची पद्धत ज्या दांपत्यांना लागू आहे, त्यांच्यासाठी आयकर अधिनियमात कलम ५-ए हे स्वतंत्र कलम आहे. त्यानुसार घरभाडे, व्याज, व्यवसाय, भांडवली नफा यांचे उत्पन्न पती व पत्नी यांच्यात समसमान विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे राहतो. घरापासूनचे उत्पन्न विभागले जात असल्याने गृहकर्जाच्या व्याजाचा हिशेबही निम्मा-निम्मा होतो. म्हणून वरील दुसरे उदाहरण अशा विवाहित अधिकाऱ्याला जसेच्या तसे लावू नये. हे कलम दोन्ही प्रणालींत लागू असल्यामुळे दोघांचे हिशेब एकत्र मांडूनच निर्णय घेणे इष्ट.

काजू, नारळ, सुपारी यांच्या बागायतीचे शेती उत्पन्न करमुक्त आहे. तथापि ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि अन्य उत्पन्न किमान करमर्यादा ओलांडत असेल, तर कराचा दर ठरविताना ते जमेस धरले जाते.

निवड केव्हा व कशी?

पगारदाराने वर्षारंभी कार्यालयास कळविलेली निवड ही केवळ पगारातून कर कापण्यापुरती असते. अंतिम निवड विवरणपत्र भरताना होते व ती दरवर्षी बदलता येते. कार्यालयाने नव्या प्रणालीने अधिक कर कापला असेल, तर जुनी प्रणाली निवडून परतावा मागता येतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. मुदत टळल्यास नवी प्रणालीच लागू होते. दुकानदार व अन्य व्यावसायिकांना जुनी प्रणाली हवी असल्यास फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. त्यातून नव्या प्रणालीकडे परतण्याची संधी एकदाच मिळते आणि त्यानंतर व्यवसायाचे उत्पन्न असेतोवर जुनी प्रणाली पुन्हा घेता येत नाही.

देय कर शून्य असला, तरी एकूण उत्पन्न किमान करमर्यादेपेक्षा अधिक असल्यास विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, हे विसरू नये.

सावधगिरी

कर वाचतो म्हणून घाईने विमा पॉलिसी घेण्यापूर्वी आपल्याला कर लागतो का, हे आधी पाहावे. ज्याला कर लागतच नाही, त्याला या कारणासाठी घेतलेल्या पॉलिसीपासून करात काहीही लाभ नाही. हप्त्याचे ओझे मात्र वर्षानुवर्षे वाहावे लागते. विमा संरक्षणासाठी घ्यावा आणि बचत भविष्यासाठी करावी. खोट्या भाडेपावत्या अथवा न दिलेल्या देणग्या दाखवून वजावट मागणे हा गंभीर अपराध असून चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवून टक्केवारीवर विवरणपत्रे भरणाऱ्यांपासून विशेष सावध असावे, कारण विवरणपत्रातील मजकुराची जबाबदारी अखेर करदात्याचीच असते.

सारांश, वर्षाचा एकूण पगार, खरोखर झालेल्या वजावटी आणि अन्य उत्पन्न या तीन गोष्टी कागदावर मांडून दोन्ही प्रणालींचा कर काढावा आणि जो कमी येईल तो स्वीकारावा. गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सचिव व कार्यालयांतील लेखापाल यांनी आपल्या सहकाऱ्यांना व निवृत्त ज्येष्ठांना हा हिशेब करून दाखविल्यास अनेकांचा अनावश्यक खर्च टळेल.