क्वीनची पहिली तबकडी : एका लघु ध्वनिमुद्रिकेचे वाचन

ताम्रपट, बखर वा हस्तलिखित पोथी कशी वाचावी, याचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांस मिळते. ध्वनिमुद्रिका मात्र करमणुकीची वस्तू म्हणून बाजूस राहते. वस्तुतः तीही एक लिखित साधन आहे आणि तिच्या वाचनासही शिस्त लागते. हे दाखविण्यासाठी एक छोटी तबकडी उदाहरणादाखल घेऊ.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी आणली आणि पुढच्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली. या लहान तबकडीवर सामान्यतः दोन्ही बाजूंस एकेक गीत असे. तिच्या विस्तारित प्रकारात बहुधा चार गीते बसत. स्वस्त असल्यामुळे नव्या वाद्यवृंदाची परीक्षा घेण्यास ती प्रकाशकांस सोयीची झाली.

आता उदाहरणाकडे वळू. झांजिबार येथे १९४६ मध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तेथे १९५८ च्या सुमारास सहाध्यायांच्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात तो पियानो वाजवी. पाश्चात्त्य रॉक अँड रोल गीते शाळेच्या समारंभांत गाऊन हा वृंद विसर्जित झाला. त्याची तबकडी निघाली नाही. पुढे हाच मुलगा इंग्लंडात फ्रेडी मर्क्युरी या नावाने ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक झाला.

क्वीनची पहिली लघु ध्वनिमुद्रिका ई.एम.आय. कंपनीने ६ जुलै १९७३ रोजी प्रसिद्ध केली. एका बाजूस ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ आणि दुसऱ्या बाजूस ‘सन अँड डॉटर’ ही गीते होती. दोन्ही ब्रायन मे याची. ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत तिला स्थान मिळाले नाही. वृंदाला पहिले यश १९७४ मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’ या गीताने दिले.

येथे अभ्यासकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला कर्तृत्वाचा. या तबकडीच्या थोडे आधी त्याच कंपनीने ‘लॅरी ल्युरेक्स’ या नावाची एक तबकडी काढली होती. तीत गाणारा मर्क्युरीच होता आणि मे व रॉजर टेलर हे वृंदातील सहकारी साथीस होते. केवळ लेबलावर विश्वास ठेवणारा संशोधक तेथे चकेल. दुसरा प्रश्न पाठाचा. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ची नमुना-मुद्रणे १९७१ मध्येच लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत झाली होती, प्रसिद्ध झालेला पाठ नंतर ट्रायडंट स्टुडिओत तयार झाला. जुना पाठ २०११ च्या पुनःप्रकाशनात श्रोत्यांस उपलब्ध झाला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यापूर्वीचे पाठ शोधणाऱ्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. जे प्रथम छापले जाते ते प्रथम रचलेले असतेच असे नाही.

तात्पर्य, अपयशी ठरलेली तबकडीही मौल्यवान असते. १९७७ मध्ये क्वीनने ‘क्वीन्स फर्स्ट ई.पी.’ ही चार गीतांची तबकडी काढली, तोवर वृंद कीर्तिमान झाला होता. त्या तबकडीवरून घडलेली कीर्ती कळते. घडण्याची प्रक्रिया मात्र १९७३ च्या तबकडीवरून कळते. पाचगणीच्या वृंदाबाबत आठवणी आणि छायाचित्रे यांवरच समाधान मानावे लागते. त्यांच्यावरून वादक कळतात, वादन कळत नाही.

हा भेद आपल्या अभ्यासक्षेत्रासही लागू आहे. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावी भजनी मंडळांचे, लग्नातील गाण्यांचे किंवा शाळेच्या संमेलनांचे ध्वनिमुद्रण एखाद्या घरी कॅसेटवर असेल, तर ते गोळा करणाऱ्याने लेबलावरील नाव, मुद्रणाचे स्थळ व वर्ष, साथीदारांची नावे आणि त्याच गीताचे अन्य पाठ ही चार अंगे प्रथम नोंदवावीत. चुंबकीय फीत कालांतराने निकृष्ट होते आणि गाणाऱ्यांस ओळखणारी माणसेही चिरकाल राहत नाहीत. कॅसेट उद्याही हाती लागेल. तीतला दुसरा आवाज कोणाचा, हे सांगणारी आजी तेव्हा असेलच असे नाही.