हातातले खडे आणि हातातल्या खेळ्या

दुपारची भांडी आवरून बसला असाल, तर आज तुम्हाला एक खेळ शिकवते. नाव ‘स्प्लेंडर’. मार्क आन्द्रे या फ्रेंच माणसानं तो रचला आणि २०१४ साली तो बाजारात आला. दोघींपासून चौघींपर्यंत खेळता येतो, डाव साधारण अर्ध्या तासात संपतो. नाव परकं असलं तरी बिचकू नका. पत्त्यांवर वाचायला एक शब्दही नाही, आकडे आणि रंग ओळखले की झालं.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची हा डबा घेऊन आली आणि मला नि मोठ्या जाऊबाईंना तिनं खेळायला बसवलं. मी पहिले तिन्ही डाव हरले. का हरले, ते सांगता सांगताच खेळ समजेल.

आपण सगळ्या रत्नांच्या व्यापारी. खडे पाच रंगांचे: पांढरा हिरा, निळा नीलम, हिरवा पाचू, लाल माणिक आणि पाचवा काळा. खडे म्हणजे हाताला जड लागणाऱ्या गोल सोंगट्या. चौघी असतील तर प्रत्येक रंगाच्या ७, तिघींना ५ आणि दोघींना ४ ठेवायच्या. शिवाय ५ सोनेरी असतात, त्या कुठल्याही रंगाच्या जागी चालतात. पत्ते एकूण ९०. त्यांचे तीन गठ्ठे: स्वस्त ४०, मधले ३० आणि महाग २०. प्रत्येक गठ्ठ्यातले चार पत्ते उघडे मांडायचे. पत्त्यावर त्याची किंमत असते, एक खडा असतो आणि काहींवर गुणही असतात.

आपला नंबर आला की चारांपैकी एकच गोष्ट करायची. तीन वेगवेगळ्या रंगांचे खडे उचला. किंवा एकाच रंगाचे दोन उचला, पण त्या ढिगात निदान चार असतील तरच. किंवा एक पत्ता राखून हातात घ्या, त्याबरोबर एक सोनेरी सोंगटी मिळते. किंवा किंमत भरून पत्ता विकत घ्या. विकत घेतलेल्या पत्त्याच्या जागी लगेच नवा पत्ता उघडायचा. ज्या फेरीत कुणाचे १५ गुण होतात, ती फेरी पूर्ण करून डाव संपतो. सर्वांत जास्त गुण असतील ती जिंकली. बरोबरी झाली, तर जिचे विकत घेतलेले पत्ते कमी, ती जिंकली.

पहिल्या डावात मी काय केलं? नुसते खडे साठवले. महागडा, चार गुणांचा पत्ता नजरेत भरला होता. त्याची किंमत होती एकाच रंगाचे ७ खडे. आम्ही तिघी, म्हणजे त्या रंगाचे खडे टेबलावर होतेच ५! सगळे माझ्याकडे आले असते तरी दोन कमीच पडले असते. त्यातून हातात दहापेक्षा जास्त सोंगट्या ठेवता येत नाहीत, वरच्या परत कराव्या लागतात. मी उचलत होते आणि परत ठेवत होते.

जाऊबाई मात्र बारीकसारीक पत्ते घेत होत्या. खरी गंमत तिथंच आहे. विकत घेताना भरलेले खडे परत जातात, पण पत्त्यावरचा खडा कायम आपला राहतो. लाल खड्याचे दोन पत्ते तुमच्यासमोर असले, की यापुढे प्रत्येक खरेदीत दोन लाल खडे कमी द्यायचे. चार खड्यांचा एखादा स्वस्त पत्ता घ्यायला सुरुवातीला तीन खेळ्या लागतात, दोन खडे गोळा करायला आणि एक घ्यायला. पुढे तसाच पत्ता एका खेळीत, कधी फुकटही मिळतो. या खेळात खडे फिरून फिरून टेबलावर येतात. गेलेली खेळी मात्र परत येत नाही. म्हणून किंमत बघताना ‘खडे किती’ याआधी ‘माझ्या खेळ्या किती जातील’ हे मोजावं.

हे कळल्यावर दुसऱ्या डावात मी उलटी चूक केली. स्वस्त पत्तेच घेत सुटले. समोर पत्त्यांची रांग लागली आणि गुण तीन! स्वस्त पत्त्यांना बहुतेक गुण नसतात, असले तर एक. सात-आठ पत्ते जमले की नजर वरच्या ओळींकडे वळवायची. टेबलावर उमरावांच्या चौकटीही असतात, खेळणाऱ्यांपेक्षा एक जास्त. एखाद्या उमरावाला हव्या त्या रंगांचे पुरेसे पत्ते तुमच्याकडे झाले, की तो आपणहून तुमच्याकडे येतो आणि ३ गुण देतो. इथं सोंगट्या चालत नाहीत, पत्तेच लागतात. म्हणून पहिल्यापासून उमरावांचे रंग बघून खरेदी करावी.

तिसऱ्या डावात चूक हिशेबाची नव्हती. जाऊबाईंना एकच पत्ता हवा होता, मला तो दिसत होता. मी तो राखून ठेवला असता तर त्या अडकल्या असत्या. तीन पत्ते राखता येतात आणि माझे हात मोकळे होते. पण मला ते जमलं नाही. मोठ्या जावेच्या तोंडचा पत्ता कसा काढायचा? त्यांनी तो घेतला आणि डाव संपला. भाची म्हणाली, “मावशी, तू खेळलीच नाहीस.”

चौथ्या डावात मी तसाच पत्ता उचलला. जाऊबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “मुद्दाम घेतलास ना गं?” “हो ताई.” क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पदर खोचला आणि पुढच्याच खेळीत मला हवा असलेला पत्ता राखून ठेवला. घरात आम्ही वीस वर्षं एकमेकींना ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ म्हणत आलो आहोत. एकमेकींशी इतक्या मोकळेपणानं भांडलो, ते त्या दुपारी पहिल्यांदाच.

तो डाव मी दोन गुणांनी जिंकले. पुढचा त्यांनी.

तेव्हा मैत्रिणींनो, खेळायला बसलात की कुणालाही मुद्दाम जिंकू देऊ नका. समोरची बाईही डोकं लावूनच बसलेली असते, तिचाही मान राहतो. चला, आज इथंच थांबते. जाऊबाई वाट बघताहेत.