ऐब सांगून विकलेली गाडी

गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आमच्या घरात एक हिशेब मांडला गेला. घरात माणसे सहा: आम्ही दोघे, तीन मुले आणि अम्मी. दारात उभी असलेली छोटी गाडी पाच जणांची. मुले लहान होती तेव्हा मांडीवर बसून भागत होते. आता थोरल्याचे डोके छताला लागते आणि अम्मींना मागच्या सीटवर गुडघे दुमडता येत नाहीत. अब्बा हयात असताना नेहमी म्हणत, एकदा सगळ्यांना घेऊन बिदरला जाऊ, महमूद गावानचा १४७२चा मदरसा पोरांना दाखवू. ते राहून गेले. अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा ठरले की जुनी का होईना, पण मोठी डिझेल गाडी घ्यायची.

मुलांनी त्यात भर घातली, ‘फोर बाय फोर’च हवी. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे पहिल्यापासून ठरलेले. चार वर्षांची भिशी आणि थोडी शिल्लक मिळून तीन लाख चाळीस हजार होते. जुनी गाडी एक लाख दहा हजाराला जाईल असा अंदाज होता. एवढ्या पैशात काय मिळते हे पाहायला आम्ही निघालो. त्या चार महिन्यांत जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. त्यातला थोडा भाग इंजिनाचा आहे, थोडा कागदांचा आणि थोडा आपल्या स्वतःचा.

चारही चाके म्हणजे काय?

उंच दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढत नाही. आपल्याकडे जिंतूर-सेलू रस्त्यांवर धावणाऱ्या बोलेरो, सुमो, इनोव्हा यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. स्कॉर्पिओ, सफारी, थार, गुरखा यांच्या ‘फोर बाय फोर’ आवृत्त्या निघाल्या, पण स्कॉर्पिओ आणि सफारीतही मागच्या चाकांवर चालणाऱ्याच जास्त. म्हणून मागे चिकटवलेल्या अक्षरांवर न जाता गाडीखाली वाकून पाहावे. पुढच्या चाकांकडे जाणारा वेगळा शाफ्ट असेल तरच ती गाडी खरी.

या गाड्यांचा आणि आपल्या देशाचा संबंध जुना आहे. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि अमेरिकन विलिज जीप मुंबईत जोडून तिने आपला जम बसवला. मराठवाड्यातल्या काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून ज्यांनी तालुक्याचे गाव गाठले आहे, त्यांना जीप या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पहिली गाडी, दुसरी गाडी

पहिली गाडी एका मोठ्या शहरात पाहिली. आरशासारखी चकचकीत, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आणि नंबर दिल्लीचा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. असा सौदा करणे गुन्हा नाही. पण तेथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी आटते. या गाडीच्या आरसी बुकावर बँकेचा बोजाही तसाच होता. दलाल म्हणाला, “होऊन जाईल.” मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर होते, पण ब्रेकच्या पायदळाचे रबर झिजून लोखंड दिसत होते. आम्ही चहा पिऊन परत आलो.

दुसरी गाडी आमच्याच जिल्ह्यातली, एमएच-२२ पासिंगची. कागद चोख, इंजिन चांगले. चार चाकांचा दांडा टाकला की तो नीट बसत होता. मुले खूश झाली. आमचे मिस्त्रीभाई मात्र पोते अंथरून गाडीखाली शिरले आणि हसत बाहेर आले. पुढचा शाफ्टच काढून टाकलेला होता! ॲव्हरेज वाढावे म्हणून कधीतरी काढला असेल. आम्ही मालकाला विचारले, हे आधी का सांगितले नाही? तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही विचारलेच नाही.”

हे वाक्य घेऊन आम्ही फार रागात घरी आलो. दोन दिवस घरात त्याच माणसाचा विषय.

मग आमची पाळी आली

तिसऱ्या दिवशी आमची जुनी गाडी पाहायला एक तरुण आला. नुकताच नोकरीला लागलेला, लग्न ठरलेले. त्याने गाडी धुतलेली पाहिली, एक चक्कर मारली, टायर पाहिले आणि एक लाख आठ हजार द्यायला तयार झाला.

आता खरी गोष्ट अशी. पाच वर्षांपूर्वी एका घाटात आमची गाडी तापली होती. हेड काढून घासून घ्यावे लागले. तेव्हापासून ती रेडिएटरचे पाणी थोडे थोडे पिते. आठवड्याला पाणी पाहावे लागते. आम्हाला सवय झाली होती, पण नव्या माणसाने दोन महिने बॉनेट उघडले नाही तर इंजिन बसेल. मिस्त्रीभाईंना विचारले, तर ते म्हणाले, “सर, गाडी चालू आहे ना? मग कशाला सांगता? त्याने विचारले का?”

त्याने विचारलेच नव्हते. तेच वाक्य आता आमच्या कामाचे होते, आणि ते तोंडापर्यंत आलेही होते.

त्या रात्री जेवताना ही गोष्ट निघाली. आम्ही हिशेब सांगितला, की हे सांगितले तर वीसेक हजार जातील आणि तेवढ्याने मोठी गाडी हातची जाईल. अम्मी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, “छुपाके बेचे तो फिर सफर का मजा कायका?” मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी आमचा राग पाहिला होता.

धान्याच्या ढिगाची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. फिक्हमध्ये यावरच ‘खियारे ऐब’चा नियम उभा आहे. सौद्यापूर्वीचा लपलेला दोष नंतर कळला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क राहतो. आपल्या देशाच्या १९३० च्या माल विक्री कायद्यात काही अपवाद सोडता माल पारखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे कायद्याच्या आडोशाला उभे राहून आम्हाला गप्प बसता आले असते. पण विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ही पळवाट आपल्या शिकवणीत कुठे बसत नाही. आम्ही हे वर्गात शिकवले आहे. वीस हजारांवर येऊन ठेपल्यावर ते किती जड जाते, हे त्या रात्री कळले.

सकाळी त्या तरुणाला फोन करून बोलावले आणि सगळे सांगितले. तो गप्प झाला, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन आला आणि शेवटी अठ्ठ्याऐंशी हजाराला गाडी घेतली. वीस हजार गेले.

तिसरी गाडी

यानंतर दीड महिना काही मिळाले नाही. मग जिंतूरकडच्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी कळली. २०१२ चे मॉडेल, एकच मालक. आम्ही काही विचारण्याआधीच त्यांनी वहीतले पान काढून दिले. क्लच तीन-चार महिन्यांचा सोबती आहे. टर्बोजवळ तेल पाझरते. थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, मिनिटभरात जातो. डाव्या दाराचा पत्रा एकदा बदलला आहे. मागितले चार लाख दहा हजार, सौदा तीन लाख पंच्याऐंशी हजाराला ठरला.

आम्ही खरे बोललो म्हणून ही गाडी मिळाली, असे आम्ही म्हणणार नाही. क्लच अगदी सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्यात गेला आणि खर्च आलाच. पण तो खर्च आम्ही बाजूला काढून ठेवलेला होता. दोष सांगणारा माणूस आपल्याला नवी गाडी देत नाही, तो आपल्याला तयारी करायला वेळ देतो.

घेण्यापूर्वी काय पाहावे

गाडी थंड असताना पाहावी. सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि त्यामागे कारण असू शकते. डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. दाब कमी झालेले थकलेले इंजिन म्हणूनच थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते.

धुराचा रंग पाहावा. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर हेडची शंका घ्यावी. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

चार चाकांची चाचणी भुसभुशीत मातीत घ्यावी, कोरड्या डांबरावर नाही. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. या गाड्यांत दांडा टाकल्यावर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि घट्ट रस्त्यावर गिअरवर ताण येतो.

टायरवर चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

कागदांत चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी जुळवावा. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. आमची २०२७ मध्ये त्या दारात उभी राहील, हे धरूनच आम्ही किंमत केली.

विकणाऱ्यांनीही सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळे होणारे आपले अनेक भाऊ हे विसरतात.

आणि मग

जुलैत मित्राच्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत आम्ही ‘फोर बाय फोर’ची मिजास करायला गेलो. परभणीची काळी माती! चार चक्करांत चाकांना असे गोळे चिकटले, की चारही चाके गुळगुळीत दगडासारखी जागेवर फिरू लागली. ट्रॅक्टरने ओढून काढले. मुलांना कळले, की चार चाकांच्या ताकदीला पकड देणारी जमीन लागते.

डिसेंबरात गंगाखेड, अहमदपूर, उदगीर असे करत आम्ही बिदरला पोहोचलो. दांडा एकदाही टाकावा लागला नाही. अम्मी पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. मदरशाच्या निळ्या टाइलांपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अब्बांसाठी दुआ केली.

परतीच्या वाटेवर त्या तरुणाचा फोन आला. दर रविवारी पाणी पाहतो, म्हणाला, गाडी ठीक आहे. बायकोलाही पाहायला शिकवले आहे.